लेपातली बोटं

भिवंडीहून पडघ्याकडे जाताना एका लिलाव कंपनीचं गोदाम लागतं. विक्रीला आलेली चिनी मातीची जुनी भांडी खरी की नकली, हे तिथे संघरत्ना ठरवायची. वीस वर्षांत तिला चकवणारं भांडं आलं नव्हतं.

त्या सकाळी निळे मासे रंगवलेली एक बरणी आली, तीनशे वर्षांपूर्वीची म्हणून. संघरत्नाने ती उलटी केली. नकली मालाच्या बुडावर पॉलिश कागदाचे ओरखडे एकाच दिशेने असतात. हिच्यावर ते वाटेल तसे होते. मळ नकली मालासारखा चहाच्या पाण्याने चढवलेला नव्हता, घासून जाईना. भिंगाखाली वरच्या काचेसारख्या लेपातले बुडबुडे लहानमोठे दिसले, जुन्या भट्टीत येतात तसे. सगळं बरोबर होतं. तिच्या मनाला मात्र काहीतरी खटकत राहिलं. तिने प्रश्न मनात आणावा आणि बरणीने आधीच उत्तर तयार ठेवावं, असं चाललं होतं.

ओल्या लेपात भांडं बुडवताना कारागिराची पकड कधीकधी उमटून राहते. बुडाजवळ तसे चार पुसट खळगे तिला लागले. तिने त्यांत आपली बोटं ठेवली. एक खळगा अर्ध्यावरच संपला होता.

तिच्या धाकट्या भावाचं, मिलिंदचं, बोट तरुणपणी लूममध्ये अर्धं गेलं होतं. पुढे गुजरातेत कुंड्यांच्या कारखान्यात लागलो, असं तो सांगायचा. फोनवर विचारायचा, "ताई, जुनं भांडं तू ओळखतेस कसं?" भावाला आपल्या कामाची आवड आहे म्हणून ती खुशीत सगळं सांगायची. ओरखडे, मळ, बुडबुडे, काही म्हणून राखून ठेवलं नव्हतं. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

बोटं तिथून उचलवेनात. पाठीमागे कुणीतरी उभं राहून, आता ही काय म्हणते, याची वाट बघतंय असं तिला वाटलं. तिने वळून पाहिलं नाही.

बरणी खरी म्हटली असती तर कुणाला कळलं नसतं. भावाचं काम कुणाच्या तरी काचेच्या कपाटात मानाने राहिलं असतं. दुपारी ती जेवली नाही. मग उठून वरिष्ठांकडे, मेघालीमॅडमकडे गेली आणि बरणी नवी असल्याचं सांगितलं. मॅडमनी पुरावा मागितला.

"ही माझ्या भावाची बोटं आहेत," संघरत्ना म्हणाली. "आणि त्याला शिकवलं मी."

मॅडमनी बरणी तपासायला पाठवली. प्रयोगशाळेचा निकाल आला: भाजून दहा वर्षंही झाली नव्हती. बरणी लिलावातून काढली गेली.

रविवारी संघरत्ना गणेशपुरीला मिलिंदच्या बायकोकडे गेली. कमळने काही लपवलं नाही. शेवटची दोन वर्षं तो बरण्याच करत होता. किती केल्या, कुठे गेल्या, तिला ठाऊक नव्हतं. बायकोलाही त्याने एकही दाखवली नव्हती.

"कशी व्हती वो ताई ती?" कमळने विचारलं.

संघरत्नाला सांगता येईना. ती अंगणातल्या धुळीत बसली आणि बोटाने रेष ओढू लागली. चित्रकला तिला कधीच जमली नव्हती. तरी बरणीवरचाच मासा एका ओढीत उतरला, शेपटीच्या वळणासकट.

कमळ तोंडावर पदर धरून बघत राहिली. संघरत्नाने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.