माझा एक फेरा कुणीतरी मोजा

मी टेबल बोलतोय. जेवणाचं नाही, अभ्यासाचं तर मुळीच नाही. माझ्यावर वही ठेवलीत तर ती तेलाने माखेल. ड्रिल मशीनच्या खाली बोल्टने आवळतात ते लोखंडी टेबल मी. मला दोन हँडलं आहेत. एक फिरवलं की माझी पाठ डावी-उजवीकडे सरकते, दुसरं फिरवलं की पुढे-मागे. व्याकरण मला 'ते' म्हणतं, पण माझा मालक संघदीप मला 'हा' म्हणायचा, म्हणून मीही 'बोलतोय' म्हणतो. आणि आज मला बोलायची घाई आहे. उद्या दुपारी भंगारवाला येणार आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतकामाच्या शेडमधला. मी स्वस्तातला माल, खोटं कशाला सांगू? अंगावर वाळूचे खड्डे, वरून रंगाचा जाड थर, आणि हँडलाच्या चकतीवरचे आकडे असे फिकट की चांगल्या डोळ्यांनाही दिसू नयेत. पण पोटातला स्क्रू मात्र सरळ होता, इंची आट्यांचा. हँडलाचा एक पूर्ण फेरा घेतला की मी एक सूत सरकतो. कापसाचं सूत नव्हे, कारागिराचं सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

पांढरकवड्याला हैदराबादच्या रस्त्यावर संघदीपचं वर्कशॉप आहे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांना लागणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना तो ओळीने भोकं पाडून द्यायचा. हँडल फिरवताना मोठ्याने मोजायचा, "एक, दोन, तीन, चार, पाच," आणि पाचव्याला थांबून ड्रिल खाली ओढायचा. पाच फेरे म्हणजे पाच सूत. पट्टी मोजायला त्याने कधी टेप काढलेली मला आठवत नाही. माझा स्क्रू थोडा ढिला होता तेही त्याला ठाऊक होतं. म्हणून तो नेहमी डावीकडूनच मापावर यायचा. पुढे गेला तर पार मागे जाऊन पुन्हा यायचा. मी जरा अडलो की म्हणायचा, "चाल ना बे, कायले नखरे करतो?" असं बोलणारा माणूस मिळायला नशीब लागतं.

मग कापसाची वाईट वर्षं आली. जिनिंग उशिरा सुरू व्हायच्या आणि संक्रांतीच्या आतच बंद पडायच्या. पट्ट्यांचं काम आटलं. सतरा सालच्या पावसाळ्यात संघदीप रोजाने फवारणीला जाऊ लागला, पाठीवर पंप आणि तोंडाला रुमाल एवढ्यावर. कपाशी तेव्हा डोक्याएवढी वाढली होती, औषध उडून तोंडावरच यायचं. एक दिवस त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. अठरा दिवसांनी तो परत आला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कायमचं धुकं होतं आणि उजवा हात थरथरत होता.

आल्या आल्या तो माझ्यापाशी आला. हँडल धरलं, पण फेरा कुठे संपतो ते त्याला दिसेना आणि हाताला कळेना. तीन पट्ट्या वाया गेल्या. चौथी त्याने लावलीच नाही. माझ्यावर पोतं टाकलं आणि म्हणाला, "मी भंगार झालो."

त्या पोत्याखाली मी आठ महिने होतो. गंज खातो म्हणजे काय, ते मला विचारा.

पोतं काढलं ते रुपालीने, त्याच्या बायकोने. ती गावात संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची. क्लास बंद पडला तेव्हा पगाराऐवजी एक जुना कॉम्प्युटर घरी घेऊन आली होती. फोनवर व्हिडिओ बघून बघून तिने ठरवलं की माझ्या हँडलांच्या जागी मोटारी लावायच्या. कॉम्प्युटरने सांगितलं तेवढंच त्या मला फिरवतील. मोटारी पोस्टाने आल्या. त्या बसवायला जुन्या खाटेचं अँगल कापलं, आणि मोटार न् स्क्रू जोडायला जाड रबरी नळीचे तुकडे घातले. डावीकडूनच मापावर यायची संघदीपची सवयसुद्धा तिने त्यात लिहून घेतली. मी जागेवर पोचलो की कॉम्प्युटर 'टूं' करायचा. 'टूं' ऐकू आलं की संघदीपने ड्रिल खाली ओढायचं. त्यासाठी डोळे लागत नव्हते.

हे चाललं तर संघदीप पुन्हा कामावर. नाही चाललं तर त्याच्या भावाने दोघांना हैदराबादला बोलावलंच होतं. तिथे रुपाली कामाला जाणार आणि संघदीप दिवसभर एका खोलीत बसून राहणार. ही गोष्ट दोघं एकमेकांशी बोलत नसत.

आता नीट ऐका.

रुपालीने विचारलं, "याचा एक फेरा म्हंजे किती?"

"एक सूत."

"तसं नाई. कॉम्प्युटरले एमएममधी सांगा लागते."

"एक सूत म्हंजे तीन एमएम. साऱ्या पांढरकवड्याले ठाऊक हाये."

ठाऊक होतंच. सुतार तेच सांगतो, हार्डवेअरवाला तेच सांगतो. दाराची चौकट ठोकायला तेवढं पुरतं. पण खरं सूत तीनच्या थोडं पुढे असतं, तीन एमएम आणि वर कागदाच्या दोनेक पानांएवढं. संघदीपला आयुष्यात त्या दोन पानांची गरज पडली नव्हती, तो सूतच मोजायचा. रुपालीने कॉम्प्युटरला लिहून दिलं, एक फेरा बरोबर तीन.

पहिली चाचणी जुन्या पट्टीची केली. भोकांमधलं अंतर पाच सूत. रुपालीने तीनने गुणून पंधरा लिहिलं, कॉम्प्युटरने तीनने भागून पाच फेरे दिले, आणि मी खरी पाच सूत सरकलो. गुणताना चुकलं ते भागताना फिटलं. जुनी पट्टी वर ठेवून पाहिली, सहाही भोकं एकमेकांवर बसली. संघदीपने प्रत्येक भोकातून बोट फिरवलं आणि तो रडला. मीसुद्धा मूर्खासारखा खूश झालो.

दसऱ्याच्या आधी हिरासिंग आला. एका नव्या जिनिंगचा तो फिटर. "जयभीम, संघदीपभाऊ," म्हणत त्याने चाळीस कोऱ्या पट्ट्या उतरवल्या आणि कागद दिला. नव्या यंत्राची मापं सगळी एमएममध्ये होती, भोकांमध्ये चोवीस-चोवीस. "परवा मशीन सुरू कराची हाये. एवढं जमलं तं सालभराचं काम तुमालेच," तो म्हणाला.

रुपालीने चोवीस लिहिलं. कॉम्प्युटरने आठ फेरे दिले. आठ सूत म्हणजे चोवीस नाही हो, पंचवीसच्याही पुढे! सहाव्या भोकापर्यंत मी सात एमएम बाहेर गेलो होतो. मला कळत होतं, पण 'टूं' वाजत होतं आणि संघदीप दांडा ओढत होता, किती दिवसांनी, गुणगुणत.

"मोजून पाह्यलं काय?" मध्येच त्याने विचारलं.

"कॉम्प्युटर मोजूनच देऊन राह्यला ना," ती म्हणाली.

चाळीस पट्ट्यांची चळत लावली आणि भोकातून सळई घातली, ती आरपार गेली. सगळ्या एकसारख्या. एकसारखं म्हणजे बरोबर, असं माणसांना का वाटतं कोण जाणे.

त्याच संध्याकाळी पट्ट्या जिनिंगवर गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी हिरासिंग परत आला. जीपमधून खाली उतरलाच नाही. "वहिनी, पयला बोल्ट बसते. दुसरा कसातरी. तिसऱ्यापासून भोकच नाई सापडत." ओरडला असता तर बरं झालं असतं. काम दुसरीकडे गेलं.

त्यानंतर चार दिवस रुपालीने माझं अंग अंग उघडून पाहिलं. तारा बदलल्या, नळीचे तुकडे बदलले. जुन्या मापाची पट्टी केली की तंतोतंत, नव्या मापाची केली की चूक. तिला वेड लागायची पाळी आली. सगळं तपासलं, फक्त तो तीनचा आकडा तपासला नाही. कारण तो संघदीपच्या तोंडून आला होता. त्याचे डोळे गेले, हात गेला, पण त्याचं माप चुकेल हे तिच्या मनातसुद्धा येत नव्हतं.

"माहीच अक्कल कमी पडली," ती म्हणाली.

"नाई व, टेबलच घसलं असन," तो म्हणाला. मला पहिल्यांदाच त्याने 'हा' म्हटलं नाही.

आज तिने मोटारी काढल्या आणि हँडलं परत बसवली. अख्ख्या टेबलाला भंगारवाला बरे पैसे देतो म्हणे. हैदराबादची पिशवी दाराशी भरून ठेवली आहे. मघाशी संघदीप चाचपडत आला, हँडल धरलं आणि एक फेरा घेतला.

"एक सूत," तो हळूच म्हणाला.

"तीन," तारा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली.

तीन नाही गं! बाई, तीन नाही! मी लोखंड आहे, मला ओरडता येत नाही. तुम्ही कुणी उद्या दुपारच्या आत त्या रस्त्याने जाणार असाल तर वर्कशॉपपाशी थांबा. तिला म्हणा, माझा एक फेरा बाजूला मापपट्टी धरून स्वतः मोज; एकात फरक दिसला नाही तर आठ घे. त्याचं ऐकू नकोस. आयुष्यात एवढं एकदाच, त्याचं ऐकू नकोस.