नमुन्याचा चेंडू

मी गोल्फचा चेंडू बोलतोय. एक नंबरचा! आता लगेच नाक मुरडू नका, 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून. माझे गेले काही दिवस घाईघाईचे आणि धामधुमीचे गेले, आणि आत्ताही माझ्याकडे वेळ थोडाच आहे.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. कुणीतरी मारलेला मी तळ्यात पडलो, तिथे दोन वर्षं चिखल खाल्ला. मग एका बाईंनी जाळी घालून मला वर काढलं. त्या या मैदानावर तीस वर्षं गवत कापायचं काम करायच्या. आता आसपासच्या मुलांना फुकट गोल्फ शिकवतात. मुलं त्यांना 'बाई' म्हणतात आणि टरकून असतात.

क्लासवर संकट आलं होतं. रविवारपर्यंत वर्षाचं भाडं भरा, नाहीतर सरावाची जागा गाड्या लावायला जाणार, असं मैदानाच्या मालकांनी सांगून टाकलं. बाईंनी शक्कल लढवली. तळ्यातले दोनशे चेंडू धुतले, त्यांवर नंबर घातले आणि एकेक विकायला काढला. रविवारी विकलेले चेंडू क्रेनवरून हिरवळीवर ओतायचे. होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याच्या, सगळ्यांत जवळ ज्याचा चेंडू, त्याला अर्धी रक्कम. उरलेली क्लासला.

पहिला नंबर माझ्यावर पडला आणि मी नमुना झालो! क्लासमधली सगळ्यांत बडबडी मुलगी मला घेऊन दारोदार हिंडली. काय एकेक माणसं पाहिली! चेंडू विकत न घेणारा माणूस तो सर्वांत जास्त वेळ हातात धरतो. कानाशी नेऊन हलवतो, वजन बघतो, आणि परत देतो. एक काकू तर म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते." कपडे शिवणाऱ्या मावशींनी मात्र लगेच पैसे काढले. "मला हा एक नंबरच दे गं."

"मावशी, हा नमुना आहे, विकायचा नाही. एक्केचाळीस घ्या ना, छान गोल आहे."

"सगळेच गोल असतात की!" मावशी हसल्या आणि एक्केचाळीस घेतला.

रविवार उजाडला. विक्री संपली म्हणून मुलीने मला बाईंकडे परत दिलं. एकशेवीसच चेंडू खपले होते. त्यातले अर्धे पैसे भाड्याला पुरणार नव्हते, आणि मुलांची तोंडं एवढीएवढी झाली होती. क्रेन चालवणारे काका विकलेल्या चेंडूंची बादली वर न्यायला आले तेव्हा बाईंनी सवयीने खिशात हात घातला. गोल्फवाल्यांच्या खिशात चेंडू असतोच. तो काढून त्यांनी न बघताच बादलीत टाकला. तो चेंडू मी होतो!

वर गेलो. खाली माणसंच माणसं! बादली उलटी झाली आणि मी सुटलो. आपटलो, उसळलो, गडगडत निघालो आणि होलच्या काठावर थांबलो. माझ्यामागे वीतभर अंतरावर एक्केचाळीस!

बाईंनी चेंडू घेणाऱ्यांची यादी पाहिली. एक नंबरापुढे कुणाचंच नाव नव्हतं. "एक नंबर कुणाचाच नाही! म्हणजे सगळे पैसे क्लासचे!" त्या ओरडल्या. पोरं नाचायला लागली. भाडं भरून वर थोडे उरणार होते. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात ती बडबडी मुलगी पुढे आली. 

"बाई, तो नमुना आहे. तो बादलीत नको होता. मावशी जिंकल्या."

 एक पोरगा दात-ओठ खात म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं?"

"आपली चूक आपणच सांगायची, कुणी बघो न बघो. बाईच शिकवतात ना?"

बाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी मान वर केली आणि मावशींना पुढे बोलावलं. मावशींनीही आढेवेढे घेतले नाहीत. "मी घेणार हं! मशीनची मोटर जळलीय माझी," असं म्हणून त्यांनी बक्षिसाचं पाकीट घेतलं. मला वाटलं, संपलं सगळं.

पण क्रेनवाले काका खाली उतरले. "तो एक नंबर मला द्या. काय किंमत असेल ती घ्या."

"काका, आता बक्षीस नाही त्याला," मुलगी म्हणाली.

"ते कळतंय गं मला. घे पैसे."

मग काय विचारता! 'ह्यांना विचारून सांगते'वाल्या काकू ह्यांना न विचारताच पुढे घुसल्या. उरलेल्या चेंडूंवर झुंबड उडाली. मावशींनी पाकिटातले पैसे काढून दोन चेंडू घेतले. मैदानाच्या मालकांनी हातात आलेलं भाडं मोजलं, पुन्हा मोजलं आणि पावती फाडली.

आज सोमवार. काकांनी मला त्या बडबड्या मुलीच्या हातावर ठेवलं. "आता मार याला जोरात," म्हणाले. मी लाकडी खुंटीवर बसलोय, अंग शहारलंय. तुमच्या दारात कधी मुलं चेंडू विकायला आली, तर फार वेळ हलवून बघू नका, घेऊन टाका. मुलीने पाय रोवले. काठी मागे गेली. बोलणं पुरे आता, मी निघालो!