क्रँकच्या बोल्टची कैफियत

मी एक जुना बोल्ट आहे. अंगठ्याएवढा जाड, सहा कोनांच्या डोक्याचा, आणि त्यातले दोन कोन आता झिजलेले. मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, याला कसली आलीय गोष्ट? तुमचंही बरोबर आहे. गाडीची चाकं दिसतात, दिवे दिसतात, माझ्याकडे कोण बघतंय! पण इंजिनात जो जाड दांडा फिरतो, त्याला क्रँक म्हणतात, आणि त्याच्या टोकाशी एक वजनदार पुली असते. ती पुली दांड्यावर दाबून धरणं हे माझं काम. एकदा धरलं की सोडायचं नाही, एवढंच मला शिकवलेलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या सळईतून मला कापलं, तापवलं, तेलात बुडवलं आणि जागेवर बसवून असं काही आवळलं की माझं अंग किंचित ताणलं गेलं. तो ताण हीच माझी ताकद. सैल बोल्ट आणि रस्त्यावरचं लोखंड यांत काही फरक नाही.

गाडी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, मोठ्या सरोवराकाठी राहणाऱ्या अर्विद निएमीच्या घरी आली. अर्विद खाणीतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. छपराची गळती असो की गाडी, सगळं तो स्वतःच दुरुस्त करी. आपल्या वस्तूला परक्याचा हात लागणं त्या भागात कमीपणाचं मानतात. गाडी चालवायची मात्र त्याची बायको एल्वी.

एल्वीची थोरली बहीण सायमा दोन तासांवरच्या गावात वृद्धाश्रमात होती. तिची स्मृती गेली होती. तिथल्या बायका जीव लावून भरवायच्या, पण ती जेमतेम जगण्यापुरतं गिळायची. पोटभर फक्त एल्वीच्या हातून खायची. आई गेल्यावर याच सायमानं एल्वीला भरवून मोठं केलं होतं. म्हणून दर शनिवारी एल्वी दालचिनी घातलेली तांदळाची खीर डब्यात घेऊन निघायची. सायमा सगळं विसरली होती, पण त्या खिरीचा चमचा ओठांशी आला की तोंड उघडायची. त्या फेऱ्यांत मीही होतो, हे सांगताना मला अजून बरं वाटतं. माझं कौतुक कोणी केलं नाही, पण मी एकदाही हललो नाही.

बर्फ पडला की तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ वर्षानुवर्षं माझ्या अंगावर उडत राहिलं आणि गंजानं मला पुलीशी एकजीव करून टाकलं. त्यात एका हिवाळ्याच्या तोंडाला माझ्या मागची, तेल अडवणारी रबरी सील गळू लागली. इंजिनातल्या भागांचा ताल सांभाळणारा आतला पट्टा तेलात भिजायला लागला. तो तुटला तर इंजिन गेलं. सील बदलायची तर आधी मला काढायला हवं.

अर्विद पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि पाना लावला. मी ढिम्म. मग त्यानं पान्याच्या दांडीत लांब पाइप घातला. पाइप वाकला. गंज सुटायचं औषध फवारलं, ज्योतीनं तापवलं. शेजारच्या ब्रूनोनं बोल्ट सोडवायची, हवेवर चालणारी बंदूक आणली, तिनं माझ्या डोक्याचे कोन झिजवले, बाकी काही नाही. अर्विदच्या तोंडून ज्या शिव्या निघाल्या त्या मी तुम्हाला सांगणार नाही.

एल्वी कॉफी घेऊन आली. म्हणाली, "एवढ्या वर्षांत तुझ्याहून हट्टी कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं."

"तू आत जा बघू," अर्विद म्हणाला.

"जाते. पण हा शनिवार हुकला ना?"

अर्विदनं पुन्हा पाना उचलला. शनिवार हुकलाच. आश्रमातून फोन आला की सायमानं दिवसभर ओठ घट्ट मिटून ठेवले होते.

त्या आठवड्यात ब्रूनोला युक्ती सुचली. पान्याची दांडी जमिनीला टेकवायची आणि किल्ली क्षणभर फिरवायची, म्हणजे इंजिनच आपल्या जोरानं बोल्ट सोडवेल. ब्रूनो लांब उभा राहिला. अर्विदनं आत बसून किल्ली फिरवली, कडाड आवाज झाला आणि मी सुटलो. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. धरलेलं सोडलं म्हणून मला मात्र वाईट वाटलं.

सील बदलली, पट्टा बदलला. पण मित्रांनो, घोड्यानं पेंड खाल्ली ती पुढे. इंजिन एकाच दिशेनं फिरतं, त्यामुळे त्याच्या जोरानं मला काढता आलं, तसं आवळता येईना. पाना फिरवला की अख्खा क्रँकच फिरे. लाकडाचा ठोकळा अडकवला, तो निसटला.

"पुली धरून ठेवायचं अवजार मिळतं शहरात," ब्रूनो म्हणाला. "सोमवारी आणून देतो."

"उद्या शनिवार आहे ब्रूनो."

"मग थांब की दोन दिवस."

"ती जेवत नाहीये रे तिकडे." अर्विदनं हातानं जमेल तेवढं मला आवळलं. "एवढं पुरे. फिरता फिरता हा आपोआप आवळतो."

ब्रूनोनं मान डोलावली. "माझे वडीलही असंच म्हणायचे."

एल्वीनं दारातून विचारलं, "झालं का नक्की?"

"नक्की," अर्विद म्हणाला.

बोल्ट आपोआप आवळत नसतो हो! मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं. माझ्या अंगात ताणच नव्हता. मी पुलीला धरलं होतं, पण ते धरणं झोपाळलेल्या माणसासारखं. अर्विदला दोष द्यावासा मला वाटत नाही. त्यानं घाई केली ती प्रेमापोटी. पण पुलीला त्याच्याशी काय देणंघेणं?

काही शनिवार निभावले. मग किट-किट असा आवाज यायला लागला. एल्वीनं सांगितलं, तर अर्विद म्हणाला, "थंडीनं पट्टा वाजत असेल." जानेवारीतल्या एका शनिवारी सरोवराकाठच्या रस्त्यावर पुली माझ्या हाताखाली घसरली. तिला जागेवर ठेवणारी लोखंडाची छोटी पट्टी तुटली, इंजिनाच्या आतलं सगळं एकमेकांवर आपटलं आणि गाडी कायमची बंद पडली. बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्यानं एल्वीला घरी सोडलं. खीर डब्यातच राहिली.

मग वादळ आलं, रस्ते बंद झाले. कितीतरी दिवसांनी ब्रूनोच्या ट्रकमधून एल्वी बहिणीकडे जाऊन आली. आली ती सरळ गॅरेजमध्ये. अर्विद मेलेल्या इंजिनासमोर बसला होता आणि मी त्याच्या मुठीत होतो.

"तिनं तोंड उघडलं नाही," एल्वी म्हणाली.

"पुढच्या वेळी उघडेल."

"मी चमचा ओठांना लावला. ती माझ्याकडे बघत होती, मी तिथल्याच बायकांपैकी एक असल्यासारखी. विसरली ती मला, अर्विद."

त्याची मूठ माझ्यावर आवळली. इतकी घट्ट, की तेवढा जोर त्या शुक्रवारी लागला असता तर, असं माझ्या मनात येऊन गेलं. एल्वी त्याला एका शब्दानंही बोलली नाही. तिनं डबा पुढे केला.

"तू खा ही. माझ्यानं टाकवत नाही."

त्यानं तिथेच, त्या थंडीत उभ्यानं ती खीर खाल्ली. बर्फ वितळायच्या आत सायमा गेली.

गाडी भंगारात गेली. मी इथे फळीवरच्या कॉफीच्या डब्यात, मोडक्या खिळ्यांच्या संगतीत पडून आहे. माझा काहीच उपयोग नाही, आणि पुन्हा होईल असंही वाटत नाही. तुम्हाला शिकवण्याएवढा मी शहाणा नाही, पण एक मागणं आहे. न सुटणाऱ्या वस्तूला खुशाल शिव्या द्या, आम्ही ऐकून घेतो. मात्र काढलेलं परत बसवताना काम अर्धवट टाकून उठू नका, आणि ‘होईल आपोआप’ असं तर मुळीच म्हणू नका. त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी तोंड उघडून वाट बघत असतं, मित्रांनो, आणि ते तोंड फार दिवस उघडं राहत नाही.