पाइपाची शिट्टी

जुनी गाडी जागच्या जागी हिसके खात होती. तीस वर्षं मेकॅनिकी केलेल्या बाबांनी ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलला, तरी डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा विझेना, आणि गिऱ्हाईक तासाभरात दारात उभं राहणार होतं.

"हाही सेन्सर बोगस निघाला," बाबा उखडले.

शेजारी वाकलेल्या लेकीला मात्र इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी पाइपातून शिट्टी ऐकू येत होती, तीही अगदी बाबांच्या कानाशी. बाबांनी तिकडे मानही वळवली नव्हती. तिने त्यांचं बोट पाइपाच्या चिरेवर दाबलं. हिसके थांबले.

बाबा बोटाकडे बघत राहिले. "आवाज येत होता का गं?"

"अगदी बारीक. मलाही आत्ताच कळला."

समोरच्या दुकानातला शिंपी त्या शिट्टीला वैतागून सकाळपासून कानात कापसाचे बोळे घालून शिवत होता.