आयतं नाव

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. तंत्रनिकेतनात तिघातिघांना पाणीवाटपाचा प्रकल्प दिला होता. मेघा, सई आणि चिन्मय एका गटात आले. आठ दिवस मेघा विचारत होती, "मी काय करू?" चिन्मय हसून म्हणायचा, "टेन्शन घेऊ नकोस. सगळं मी करतो. तुझं नाव असेलच."

त्याच्या घरी अभ्यास म्हणजे दार लावून, एकट्यानं करायची गोष्ट. दुसऱ्यावर विसंबलास की नंबर गेला, असं वडील सांगायचे. सईला हे सोयीचंच होतं. मेघाला मात्र चैन पडेना.

मुकुंदवाडीच्या वस्तीतल्या आपल्या खोलीत ती नुसती आत-बाहेर करत होती. भाकरी थापणाऱ्या आईनं, मालनबाईनं विचारलं, "काय झालं गं?"

"काम न करता मार्क मिळणार."

मालनबाईचा हात थांबला. "तुझा आजा देवगावहून पायी शाळंत गेला, तो आयतं नाव लावायला नाय. आपल्या वाटचं काम मागून घे. नाय दिलं, तर नाव बी नको म्हण."

दुसऱ्या दिवशी अहवाल मॅडमच्या टेबलावर ठेवताना मेघानं पेन काढलं आणि आपल्या नावावर रेघ ओढली.

चिन्मय लालबुंद झाला. "अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं ना!"

"मला विचारलंस का?"

मॅडमनी अहवाल परत केला. "तिघांचं काम हवं. दोन दिवस देते, पण पाच गुण कापीन."

आपल्या वस्तीत घरोघरी पाणी मोजायचं काम मेघानं मागून घेतलं. चिन्मय धुसफुसत मुकुंदवाडीत आला. अहवालात घरबसल्या त्यानं माणशी रोज चाळीस लिटर धरले होते. मेघाच्या शेजारच्या कडूबाईंच्या घरात सात माणसं आणि टँकर आठ दिवसांनी. वाट्याला दोनशे लिटरचे दोन ड्रम. मेघा विचारत गेली, सई लिहीत गेली. चिन्मयनं हिशेब केला, पुन्हा केला. माणशी सातच लिटर येत होते.

"एवढ्यात कसं भागतं?" त्यानं विचारलं.

"नाय भागत," कडूबाई म्हणाल्या.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी हाच आकडा विचारला. चिन्मयनं तोंड उघडलं, मग मेघाकडे पाहिलं. तिनं एकेक घर सांगितलं.

त्या वर्षी चिन्मयचा पहिला नंबर हुकला. पुढच्या प्रकल्पाला त्यानं गट बदलून घेतला. सई मात्र मेघाबरोबरच राहिली, आणि पहिल्याच दिवशी वही उघडून म्हणाली, "माझ्याकडे कोणतं काम?"