सात एकांची संख्या

लिफुका बेटावरच्या दोन गावांतली गणिताची चढाओढ आम्ही एका गुणानं हरलो, आणि तो गुण माझ्यामुळे गेला. शिक्षकांच्या फेरीत आमच्या गावाकडून मी उभी होते; परीक्षक फेलेतीनं फळ्यावर ओळीनं सात एक लिहिले. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

"ही मूळ संख्या आहे की नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कशानं भाग जातो, सांग."

मला सांगता येईना. "मूळच आहे," फेलेती म्हणाला आणि पलीकडचं गाव जिंकलं.

फेलेती माझा मामेभाऊ. राजधानीत, नुकुआलोफाला, शिकून आलेला, त्यामुळे त्याच्यापुढे कोणी तोंड उघडलं नाही. माझी आई, कालोलाइने, मागच्या बाकावर बसली होती. ती चटया विणते. शाळा तिनं चौदाव्या वर्षी सोडली, पण आकड्यांचा नाद काही सुटला नाही.

"तुला का वाटलं, नाही म्हणून?" घरी येताना तिनं विचारलं.

"वाटलं झालं."

"वाटून काय उपयोग, लुसेआने? दाखवता आलं पाहिजे."

दोन दिवस विणायच्या केतकीच्या पात्या तशाच पडून राहिल्या. आई पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं भागाकार करत होती. आधी तिनं पाच एकांची संख्या फोडली : एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर.

"बघ, एक पाच वेळा, आणि या दोघांनाही पाचानं भागलं की बाकी एक! मग सात एकांना काय लागेल?"

सातानं भागल्यावर बाकी एक उरते अशाच मूळ संख्या तिनं वेचून काढल्या. एकोणतीस. त्रेचाळीस. एकाहत्तर. एकही लागू पडेना. आठवी होती दोनशे एकोणचाळीस. तिनं सात एकांना भागलं आणि बाकी शून्य. आई अशी ओरडली की शेजारीण मुलांसकट धावत आली.

शनिवारी ती मला घेऊन फेलेतीकडे गेली. तो अंगणात नारळ खवत होता.

"ये आत्या, बस ना."

"बसायला नाही आले. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. कर."

त्यानं गुणाकार केला. मग पुन्हा केला. त्याचे कान लाल झाले.

"मी शंभरापर्यंत भागून बघितलं होतं गं."

"तू दमलास तिथं संख्या संपते होय रे?"

आमच्यात आत्यापुढे भाच्याची मान खालीच असते, पण फेलेती हसायला लागला. "आता काय करू?"

"मला काय विचारतोस? खडू तुझ्या हातात."

सोमवारी त्यानं दोन्ही गावांना चढाओढ झाली होती त्याच सभागृहात बोलावलं. "मी चुकलो. लुसेआने बरोबर होती, आणि हे माझ्या आत्यानं शोधलंय," असं म्हणून त्यानं गुणाकार मांडला. सगळे मोठ्यानं आकडे म्हणू लागले. शेवटचा, सातवा एक उमटला तेव्हा पलीकडच्या गावानंही टाळ्या पिटल्या. त्यांचे मुख्याध्यापक उठून आईसमोर आले आणि वाकले.

आईला मात्र चैन नव्हतं. "पण बाकी एकच का उरते, ते मला अजून कळलेलं नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

"त्याचं कारण मी कॉलेजात शिकलोय," फेलेती म्हणाला. "परीक्षेत लिहिलं आणि सोडून दिलं. तुला कोणी न सांगता दिसलं, आत्या."

"मग सांग ना आता."

तो तिच्या शेजारी चटईवर बसला. लोक घरी गेले नाहीत. दोन्ही गावं त्यांच्याभोवती सरकून बसली.