वैद्यबुवांची जीभ

बसचा ड्रायव्हर तासभर दवाखान्यात उभाच होता. बाकडं रिकामं होतं, पण मूळव्याधीच्या माणसाला बाकडं दाखवू नये. "अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर," तो म्हणाला. "माझा तर खरंच आहे. म्हणून तुमच्याकडे आलो, वैद्यबुवा."

म्हातारे वैद्यबुवा गालात हसले. मूळव्याधीवर सुरण हा त्यांचा हातखंडा उपाय. गड्ड्याला माती लिंपून विस्तवात भाजायचा, चकत्या करून वाळवायच्या, दळायच्या. हे सगळं त्यांची सून करायची. पण चूर्ण जमलं की नाही, ते ठरवायची वैद्यबुवांची जीभ. कच्चं राहिलेलं सुरण घशात असं खाजतं, की माणूस म्हणेल औषधापेक्षा दुखणं बरं.

सुनेनं आणलेल्या ताटातली चिमूट त्यांनी जिभेवर ठेवली. "झकास. बांध पुडी."

सुनेनं आतच चाखलं होतं. तिची जीभ अजून चुरचुरत होती. गेले दोन महिने हेच चाललं होतं. सासऱ्यांची जीभ बोथट झाली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी पसंत केलेलं चूर्ण ती गुपचूप आत न्यायची, लिंबाच्या रसात भिजवून पुन्हा भाजायची आणि मगच पुड्या बांधायची. म्हाताऱ्यांचा मान राहायचा, रोग्याचा घसाही. आज मात्र रोगी समोर ताटकळत होता. इकडे आड, तिकडे विहीर.

तिनं पुडीचा कागद उचलला आणि परत ठेवला. "बाबा, खाजतंय अजून."

"पन्नास वर्षं चाखतोय मी."

"माहीत आहे, बाबा. तरी खाजतंय."

वैद्यबुवांचा पारा चढला. खाज आपल्याला कशी कळते ते दाखवायला त्यांनी टोपलीतली कच्च्या सुरणाची फोड उचलली आणि चावली. वाट पाहिली. पुन्हा चावली. तोंडात काहीच होईना.

"बाबा, थुंका ते. ओठ सुजलेत तुमचे."

त्यांनी बोटानं ओठ चाचपले. ड्रायव्हरनं भल्या माणसासारखी मान खिडकीकडे वळवली. सुनेनं लिंबाची फोड पुढे केली, तेव्हा तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

त्यांनी लिंबू शेवटपर्यंत चोखलं. मग म्हणाले, "कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"आणि दिलेल्या पुड्या?"

तिनं सगळं सांगून टाकलं. आता घर डोक्यावर घेतील, या हिशेबानं ती खाली बघत उभी राहिली.

"म्हणजे दोन महिने वैद्यकी तू करतेयस," ते जड ओठांनी म्हणाले, "आणि नमस्कार मी घेतोय."

ते ड्रायव्हरकडे वळले. "उद्या या. औषध तयार आहे का, ते मला विचारू नका. वैद्यबाईंना विचारा."

चूर्णाचं ताट घेऊन सून आत निघाली. तिला हसू आवरत नव्हतं.